आठव्या महिन्यात पाय सुजलेत: घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं बाळंतपण, ३४ वा आठवडा. प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे दिवसभर उभं राहणं. गेले पंधरा दिवस संध्याकाळी दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजतात, चपलेचे पट्टे रुततात, सकाळपर्यंत बरंच उतरतं. दोन दिवसांपासून अंगठीही घट्ट होते आहे. सासूबाई म्हणतात मीठ बंद कर, आई म्हणते पाणी कमी पी, एका मैत्रिणीने पुनर्नव्याचा काढा सुचवलाय आणि मेडिकलवाल्याने ‘पाणी काढायची’ गोळी. शेवटचं बीपी तीन आठवड्यांपूर्वीचं, ११६/७४. पुढच्या आठवड्यात एसटीने आठ तासांचा प्रवास करून माहेरी जायचंय. हे काळजीचं आहे का, आणि या पायांचं करायचं काय?

आधी एक काम सांगते, बाकीचं उत्तर ते करून आल्यावर वाचलंत तरी चालेल. उद्या शाळेत जाण्याआधी जवळच्या दवाखान्यात, आरोग्य केंद्रात, जिथे शक्य असेल तिथे बीपी मोजून घ्या आणि लघवीत प्रथिनं जातायत का ते तपासून घ्या. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. तुमचं वर्णन बहुतेक साध्या सुजेचंच वाटतंय: दोन्ही पाय सारखे, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. पण तीन आठवड्यांपूर्वीचा ११६/७४ हा आकडा आजच्या सुजेबद्दल काहीही सांगत नाही. साधारण २८ व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि ३६ व्यानंतर दर आठवड्याला तपासणी ठेवतात ती यासाठीच. बीपी आठ दिवसांतसुद्धा चढू शकतं. त्यात अंगठी घट्ट झाली म्हणता, म्हणून मी ‘पुढच्या भेटीला बघू’ म्हणणार नाही.

गेली अनेक वर्षं मी दोन टोकं बघते आहे. एका घरात पाय सुजले की सगळे हवालदिल होतात, पोरीचं मीठ-पाणी तोडतात. दुसऱ्या घरात ‘अगं, दिवस भरत आले की पाय सुजायचेच’ म्हणून डोकेदुखीसकट सगळं त्यात घालून टाकतात. पहिल्या घरातल्या बाईला विनाकारण त्रास होतो. दुसऱ्या घरातली बाई कधी कधी झटके आल्यावर आमच्याकडे पोचते.

गर्भारपणातला जो आजार आम्हाला सुजेआड शोधायचा असतो त्याला प्री-एक्लाम्प्सिया म्हणतात. २० व्या आठवड्यानंतर बीपी वाढतं, आणि त्याबरोबर बहुधा लघवीतून प्रथिनं जातात किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट्स यांच्यावर परिणाम दिसतो. पूर्वी निदानाच्या खुणा तीन मानायच्या: बीपी, प्रथिनं आणि सूज. त्यातली सूज पुढे काढून टाकली, कारण अगदी धडधाकट गर्भवतींपैकी बहुतेकींना ती येतेच. दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पाय अजिबात सुजलेले नसतानाही हा आजार होतो. म्हणजे सूज बघून घाबरायचं नाही आणि सूज नाही म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. निर्णय बीपीच्या यंत्रावर आणि लघवीच्या पट्टीवर होतो.

म्हणून ते मोजणं नीट व्हायला हवं. जिना चढून धापा टाकत गेलात तर पाच मिनिटं बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या उंचीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या, म्हणजे उजव्या दंडाचं बीपी घेतलं तर तो उलट खोटा कमी येतो. लघवी मधल्या धारेची द्या. अंगावरचं पांढरं पाणी त्यात मिसळलं की पट्टी उगाच ‘प्रथिनं आहेत’ असं दाखवते. निदान चार तासांच्या अंतराने दोनदा बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर ते वाढलेलं समजायचं. पहिल्यांदाच तेवढं आलं तरी ‘पुढच्या आठवड्यात परत मोजू’ म्हणून घरी यायचं नाही, त्याच दिवशी पुन्हा मोजून घ्यायचं. १६०/११० च्या घरात गेलं तर ताबडतोब भरती, घरी जाऊन बॅग भरून आणण्याइतकाही वेळ घालवायचा नाही. आणि तुमच्यासारखीचं नेहमीचं ११६/७४ असताना १३६/८८ आलं, तर कागदावर ते ‘नॉर्मल’ असलं तरी मी तिला दोन-तीन दिवसांत परत बोलावते. जाताना जुने कागद न्या, म्हणजे मोजणाऱ्याला तुमचा आधीचा आकडा दिसेल. पैशाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मात्र तुम्ही ९ तारखेची वाट बघू नका, बीपी कुठल्याही दिवशी मोजून मिळतं.

आता पाय का सुजतात ते सांगते, कारण ते कळलं की कुठला उपाय चालेल आणि कुठला नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

गर्भारपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, त्यातही पातळ भाग जास्त. बाळ, वार आणि गर्भजल धरून शरीरातलं एकूण पाणी सहा ते आठ लिटरनी वाढलेलं असतं. हे वाढणं गरजेचं आहे, कारण वारेला रक्त पुरवायचं असतं आणि बाळंतपणातला रक्तस्रावही सोसायचा असतो. रक्त पातळ झालं की त्यातलं अल्ब्युमिन विरळ होतं, आणि पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणारं हेच प्रथिन असल्यामुळे थोडं पाणी बाहेर झिरपतं. प्रोजेस्टेरॉन या गर्भारपणात वाढणाऱ्या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैलावतात. त्यावर शेवटच्या तीन महिन्यांतली भर म्हणजे गर्भाशयाचं वजन. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर कण्याच्या किंचित उजवीकडून वर जाते, आणि तुम्ही उताण्या झोपलात किंवा तासन्‌तास बसलात-उभ्या राहिलात की गर्भाशय तिच्यावर आणि ओटीपोटातल्या शिरांवर दाब देतं. बागेतल्या पाइपवर कोणी पाय ठेवावा तसं मागे रक्त तुंबतं, आणि सगळ्यात खालचा भाग घोट्याचा असल्यामुळे पाणी तिथे उतरतं.

म्हणजे तुमच्या अंगात पाणी ‘जास्त झालंय’ ही खरी अडचण नाही. ते खाली अडकून बसतंय, ही आहे. उपाय ते वर परत पाठवण्याचे हवेत, ते अंगातून काढून टाकण्याचे नकोत. मीठ, पाणी, काढा आणि गोळी या चारही सल्ल्यांचं उत्तर इथेच येतं.

मीठ बंद करू नका. मीठ तोडल्याने प्री-एक्लाम्प्सिया टळत नाही. अळणी जेवण घशाखाली उतरत नाही, मग जेवणच कमी होतं आणि प्रथिनांची आबाळ होते. ताटातलं नेहमीचं मीठ असू द्या. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, पाकिटातल्या नूडल्स यांचा हात आखडता घ्या, एवढं पुरे. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण हल्ली ही चूक खूप दिसते: ‘सूज येते म्हणून’ साधं मीठ सोडून सैंधव सुरू करू नका. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं, आणि ते आपल्याला मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून मिळतं. सैंधवात ते नावापुरतंच असतं.

पाणी कमी करू नका. दिवसाला आठ-दहा ग्लास, उन्हाळ्यात त्याहून जास्त. कमी प्यायल्याने सूज उतरत नाही, उलट लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, चक्कर हे मागे लागतं. शिक्षिकांमध्ये हे मी फार बघते: शाळेतलं स्वच्छतागृह धड नसतं, म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुख्याध्यापकांशी बोला, पण पाणी तोडू नका.

लघवी जास्त करणारी गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाही. ती रक्तातलं पाणी ओढून काढते, घोट्यातलं तिथेच राहतं, आणि वारेकडे जाणारा पुरवठा कमी होण्याचा धोका असतो. हृदयाचा आजार असेल किंवा फुप्फुसात पाणी झालं असेल तर आम्ही ती देतो, तीही देखरेखीखाली. पुनर्नवा आणि गोखरू आयुर्वेदातली नावाजलेली द्रव्यं आहेत, लघवी वाढवणारी म्हणूनच वापरली जातात. म्हणूनच ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायची गोष्ट नाही. वैद्यांना तुमचा महिना आणि बीपी माहीत असेल आणि त्यांनी स्वतः लिहून दिलं, तर वेगळं. तेव्हाही तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना ते सांगा. धण्याचं पाणी, जवाचं पाणी, नारळपाणी आवडत असेल तर जरूर प्या, मात्र त्याने सूज जाईल अशी आशा ठेवू नका.

आता करायचं काय, त्यात सगळ्यात मोठा गुण आडवं होण्यात आहे, पण नीट आडवं होण्यात. बऱ्याच जणी उताणं झोपून पाय भिंतीला लावतात. शेवटच्या महिन्यांत हे टाळा. त्या मोठ्या शिरेवर सगळा भार येतो, बीपी उतरून गरगरतं, घाम फुटतो, बाळाचा पुरवठाही कमी होतो. कुशीवर व्हा, डावी असेल तर उत्तम. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटाखाली चादरीची घडी, आणि पावलांखाली लोड किंवा दोन उशा, म्हणजे पाय छातीपेक्षा वर राहतील. शाळेतून आल्यावर वीस मिनिटं आणि रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं. घरी पलंग असेल तर पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट ठेवा. घशाशी येत असेल तर मात्र हे सोसणार नाही, मग उशाच बऱ्या. २८ व्या आठवड्यानंतर झोपायला जाताना कुशीवरच पडावं हे बाळाच्या दृष्टीनेही सुरक्षित आहे. उजव्या कुशीने काही बिघडत नाही. मध्यरात्री जाग आली आणि उताण्या दिसलात तर घाबरायचं नाही, परत वळायचं.

खुर्चीत बसताना पाय लोंबकळत ठेवू नका, समोर स्टूल किंवा दुसरी खुर्ची घ्या. मांडी घालून बसायची सवय असेल तर बसा, पण अर्ध्या तासाच्या वर नको. त्याऐवजी भिंतीला टेकून पाय लांब पसरून बसणं जास्त आराम देतं.

दुसरं, पोटऱ्या हलत्या ठेवा. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. स्वस्थ उभं राहणं सगळ्यात वाईट, चालणं त्याहून कितीतरी चांगलं. पावलं वर-खाली, मग घोटे गोल फिरवणं, वीस वीस वेळा, दर तासाला. वर्गात फळ्यापाशी उभ्या असताना टाचा उचलून परत टेकवा, टेबलाचा आधार घेऊन. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर वीस-तीस मिनिटं सावकाश चाला.

तिसरं, मोजे. साधे नव्हे, दाब देणारे, ज्यांना दुकानात कॉम्प्रेशन स्टॉकिंग म्हणतात. गुडघ्यापर्यंतचे, १५ ते २० मिलिमीटर दाबाचे पुरेत. माप सकाळी, सूज नसताना द्या. खरी मेख अशी की ते अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवायचे असतात. दुपारी पाय सुजल्यावर चढवायला गेलात तर चढत नाहीत, आणि चढले तरी उपयोग थोडाच. वरची कड गुंडाळली जाऊन काचत असेल तर ते उलट नुकसान करतात. रात्री काढून ठेवा. वैशाखात, त्यातही विदर्भ-मराठवाड्यात, दिवसभर हे घालून राहणं मुश्कील आहे हे मला ठाऊक आहे. शाळेच्या वेळापुरते घातले तरी फरक पडतो. मोज्यांऐवजी घरी क्रेप बँडेज आवळून बांधू नका, दाब सगळीकडे सारखा पडत नाही.

पाण्याचा उपाय फार कमी जणी करतात, आणि तो खरोखर गुणकारी आहे. पायऱ्या आणि कठडा असलेला स्वच्छ तलाव जवळ असेल तर छातीइतक्या पाण्यात अर्धा तास सावकाश चाला, सोबत कोणीतरी असू द्या. बाहेरच्या पाण्याचा दाब पायांतलं पाणी परत रक्तात ढकलतो आणि नंतर भरपूर लघवी होते. विहीर किंवा नदी यासाठी नको. तलाव नसेल तर बादलीत गार पाणी घेऊन पोटऱ्यांपर्यंत पाय बुडवा. सूज फारशी उतरणार नाही, पण ठणका थांबतो. कढत पाण्यात मीठ टाकून शेकायची आपल्याकडची पद्धत या सुजेला नको, कारण उष्णतेने शिरा आणखी सैल होतात.

हलक्या हाताने मालिश जरूर करून घ्या, पावलापासून गुडघ्याकडे, खालून वर. नवऱ्याने हे काम घ्यावं असं मी प्रत्येक जोडप्याला सांगते. जोराने रगडायचं नाही, आणि एकच पाय दुखत असेल तर अजिबात नाही. त्याचं कारण पुढे आहे.

चप्पल एक नंबर मोठी घ्या, मागून पट्टा असलेली, सपाट पण मऊ तळव्याची. जोडवी आणि अंगठी आजच काढून ठेवा, सकाळी बोटं उतरलेली असताना, साबण किंवा तेल लावून. आठव्या-नवव्या महिन्यात जोडवी बोटात रुतून कापायला लागलेल्या बायका आम्ही बघतो. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा मनगटावर फिरत नसेल तर त्यातल्या दोन-चार उतरवा. घरात कोणी मनाला लावून घेत असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.

हाताला सूज आली की मनगटातली नस दबते आणि रात्री अंगठा व पहिल्या दोन-तीन बोटांना मुंग्या येतात. हे अगदी सामान्य आहे, मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपलं की बरं वाटतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप जातं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या किंवा टाचांना भेगा असतील तर त्यांच्याकडे लक्ष द्या. सुजलेल्या पायाची कातडी ताणलेली असते, तिथून जंतू शिरला की पाय लाल होऊन ताप येतो. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसा. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून राहणाऱ्या बायकांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. त्यांना ‘पाय वर करून पडा’ सांगणं सोपं आहे. त्यांच्या घरच्यांना समोर बसवून लावणीचं काम बंद करायला सांगणं हे माझं खरं काम असतं.

रक्त तपासलं का, तेही बघा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि ७ च्या खाली गेलं तर केवळ त्यानेच अंगावर सूज आणि धाप येऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता, म्हणून हा प्रश्न मी कोणालाच वगळून विचारत नाही. लोहाची गोळी रोज आणि कॅल्शियमच्या दोन, सरकारी केंद्रात मोफत मिळतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या मागेपुढे चहा नको. रोजच्या जेवणात वरण किंवा उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडं-मासे हवेतच. बीपीसाठी निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर त्या गोळ्यांनीही घोटे सुजतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

शाळेबद्दल. तुम्ही बसून शिकवू शकता, आणि ते मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही. प्रसूती लाभाच्या कायद्यात अशी तरतूद आहे की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतही रजा घेतली नसेल तर तेव्हा, स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. तुमचा ३४ वा आठवडा नेमका त्यात बसतो. खाजगी संस्थेत असाल तर त्याच कायद्याप्रमाणे पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. डॉक्टरांकडून ‘फार वेळ उभं राहू नये’ एवढं लिहून घ्या. तोंडी विनंतीपेक्षा कागदाचा उपयोग होतो.

माहेरचा प्रवास. उद्याचं बीपी आणि लघवी चांगली आली, रक्तस्राव किंवा कळा नसल्या, आणि तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, तर जा. जायचंच तर ३६ वा आठवडा लागण्याआधी गेलेलं बरं. पण एसटीत सलग आठ तास पाय लोंबकळत बसणं मला पसंत नाही. रेल्वे असेल तर खालचा बर्थ घ्या, म्हणजे कुशीवर पडता येईल. एसटीनेच जायचं असेल तर कडेची जागा, कॉम्प्रेशन मोजे, आणि गाडी जिथे थांबेल तिथे उतरून पाच मिनिटं चालणं. अधेमधे घोटे फिरवत राहा. गाडी मध्ये थांबत नसेल तर प्रवास दोन टप्प्यांत करा, वाटेतल्या नातेवाइकांकडे मुक्काम करून. लघवीच्या भीतीने पाणी सोडू नका. फाइल सामानात नको, हातातल्या पिशवीत: रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, आणि आतापर्यंतच्या प्रत्येक भेटीचं बीपी. तिथे पोचल्यावर पाहुणचार आटोपला की त्याच आठवड्यात बाळंतपण जिथे करायचं त्या डॉक्टरांना दाखवा. माहेरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस कोणीच बीपी मोजत नाही, हा खड्डा मी फार वेळा पाहिलाय.

प्रवासाचा आग्रह एवढा का, ते सांगते. गर्भारपणात रक्त गोठण्याचा कल वाढतो, आणि पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पटींनी जास्त असतो. ती बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण त्या बाजूच्या शिरेवरून उजवीकडची धमनी ओलांडून जाते. खूण अशी: एकच पाय सुजतो, किंवा एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जाड दिसतो, पोटरी किंवा मांडी दुखते, कातडी गरम आणि लालसर होते. असा पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही, त्याच दिवशी दाखवायचा. कलर डॉपलर ही सोनोग्राफीच असते, बाळाला तिचा धोका नाही. गुठळी निघाली तर हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, इंजेक्शनं देतात, ती वार ओलांडून बाळापर्यंत जात नाहीत. सोबत छातीत कळ आली, अचानक धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. १०८ ला फोन करा.

बाकी कधी थांबायचं नाही, ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. गोळीने न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे काजवे चमकणं किंवा अंधुक दिसणं. छातीच्या खालच्या खळग्यात किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, ज्याला लोक ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडा पाजतात. शेवटच्या महिन्यांत नव्याने उलट्या. सकाळी उठल्यावर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या, किंवा रात्रभर झोपूनही पायाची सूज तसूभर न उतरणं. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-सात सेकंद दाबला की खळगा पडतो. तो खळगा आज घोट्याशी आणि दोन दिवसांत गुडघ्याशी पोचला तर. एका आठवड्यात वजन किलोपेक्षा जास्त वाढलं तर; एरवी या दिवसांत आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढतं, म्हणून दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. लघवी कमी होणं. बाळाची हालचाल मंदावणं. आडवं पडलं की दम लागणं, रात्री खोकल्याने उठून बसावं लागणं. लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, म्हणजे संधिवाताने झडप खराब झाली असण्याची शंका असेल, तर हृदयाची सोनोग्राफी हवीच. यातलं एकही असलं तर रात्र आहे, पाहुणे आहेत, उद्या बघू, असं म्हणायचं नाही.

लवकर आलात तर आमच्या हातात बरंच काही असतं. बीपी आटोक्यात ठेवणारी, बाळाला चालणारी औषधं आहेत. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट आहे. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. आजाराचं मूळ वारेत असल्यामुळे तो पुरता थांबतो तो बाळंतपणानंतरच, म्हणून कधी कधी ३७ व्या आठवड्यात किंवा त्याआधीही बाळंत करावं लागतं. तुम्हाला हा आजार झाला आहे असं मी म्हणत नाही. मोजलं नाही तर कळणार नाही, एवढंच.

बाळंतपण झालं की सूज लगेच उतरेल असं मनात धरू नका. पहिले तीन-चार दिवस ती वाढतेसुद्धा, विशेषतः सिझेरियन झालं असेल किंवा सलाइन बरंच गेलं असेल तर. मग खूप घाम येतो, खूप लघवी होते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पाय पहिल्यासारखे होतात. बाळंतिणीची खोली बंद ठेवून शेगडीचा जोराचा शेक या दिवसांत नको. पाणी तेव्हाही तोडायचं नाही, दूध यायचंय. बीपी मात्र बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जाऊ शकतं, आणि तोपर्यंत तुम्ही घरी आलेल्या असता. प्री-एक्लाम्प्सिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत नव्यानेही दिसतो. म्हणून घरी सोडताना पुढचं बीपी कधी आणि कुठे मोजायचं ते लिहून घ्या. आशाताई किंवा नर्सताई बाळाला बघायला येतील तेव्हा तुमचंही मोजायला सांगा. आणि बाळंतिणीचं डोकं दुखतंय, तर जागरणामुळे असेल, असं आई म्हणाली, तरी आधी बीपी मोजून घ्या आणि मग झोपा.